मनुष्यऋण आणि मंजूर नकाशा

मनुष्य जन्मतःच ऋणी असतो हा विचार आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, देव, ऋषी आणि पितर या तीन धनकोंची नावे थोडेफार कीर्तन ऐकलेल्या माणसालाही मुखोद्गत असतात; परंतु शतपथ ब्राह्मणाने या तिघांच्या पंक्तीस चौथे एक ऋण बसविले आहे, ते मनुष्यांचे, आणि त्याची फेड सांगताना यज्ञ, अध्ययन वा संतती यांपैकी कशाचेही नाव न घेता, माणसांना वस्तीला जागा द्यावी व खावयास अन्न द्यावे, एवढेच म्हटले आहे. यांपैकी अन्नदानाची थोरवी आपण शतकानुशतके गात आलो. वस्तीला जागा देण्याचा जो पूर्वार्ध, तो मात्र कसा कोण जाणे, आपल्या धर्मचर्चेतून निसटला आणि नगररचना खात्याच्या दप्तरात जाऊन पडला. घर बांधणे ही जर ऋणाची फेड असेल, तर ते कसे बांधावे याविषयी समाजाने बोलावे की नाही, बोलल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, आणि त्या बोलण्याची किंमत घर बांधणाऱ्याने किती मोजावी, हे प्रश्न वरकरणी मुलकी स्वरूपाचे दिसले तरी मुळात धर्माचे आहेत. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला जो गोंदिया जिल्हा, त्याच्या भूमीवर हे प्रश्न इतक्या परस्परविरोधी रूपांत भेटतात की, त्यांचा विचार तेथूनच करणे मला सोयीचे वाटते.

घर बांधणाऱ्याच्या हातावर राज्यसत्तेने हात ठेवावा ही कल्पना इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले वास्तूविषयक प्रकरण ज्याने वाचले आहे त्याला तो बाळगता येणार नाही. सांडपाण्याचा मार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती पावलांवर असावा, गाड्या व जनावरे कोठे असावीत, चूल, जाते आणि उखळ यांनी कोणाला उपद्रव होऊ नये म्हणून किती अंतर राखावे, हे तेथे दंडाच्या रकमांसह लिहून ठेवले आहे. मात्र त्याच ठिकाणी दोन सवलती आहेत आणि मला त्या नियमांपेक्षाही मोलाच्या वाटतात. बाळंतिणीसाठी खणलेल्या खड्ड्याला दहा दिवसांपर्यंत हा नियम लागू नाही, ही एक. आणि शेजारी शेजारी राहणारे घरमालक परस्परांच्या संमतीने, एकमेकांचे अनिष्ट टाळून, आपल्या इच्छेप्रमाणे बांधू शकतात, ही दुसरी. नियम करणाऱ्याला नियम कशासाठी आहे हे ठाऊक असले म्हणजे अपवाद कोठे करावा हेही त्याला आपोआप कळते. ज्याला ते ठाऊक नसते तो अपवादाची किंमत ठरवितो आणि पावती फाडतो.

गोंदियाच्या खेड्यापाड्यांत घरबांधणीचा जो सर्वांत जुना लिखित कायदा सापडतो त्याचे स्वरूप निषेधाचे नसून हक्काचे आहे, ही गोष्ट नगररचनेच्या अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. मध्य प्रांताच्या मालगुजारी राजवटीत प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे. मालगुजारी १९५१ साली संपली, १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात आला, तरीही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने हे दोन्ही दस्तऐवज जिवंत ठेवले. गावकऱ्याने चराई, जळण आणि इमारती लाकूड कोणत्या शर्तींवर घ्यावे, मुरूम, कंकर, रेती, माती, चिकणमाती आणि दगड कोठून उचलावा, गावच्या पाण्यावर व वाटेवर कोणाची कशी वहिवाट आहे, याची ती नोंद. ज्या मुलखात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, हीच खरी संपत्ती होती, तेथे बोडीकाठची माती, जंगलातले मयालीचे लाकूड, बांबूचे फाटे आणि कुंभाराचे कवेलू एवढ्या साहित्यावर घर उभे राही, आणि त्यातील बहुतेक साहित्यावर राहणाऱ्याचा मान्य हक्क असे. म्हणजे घराची किंमत कमी राहिली याचे कारण नियम नव्हते असे नाही. नियम होते, परंतु त्यांचा रोख सामग्री मिळवून देण्याकडे होता. आज लाकडाला वाहतुकीचा परवाना लागतो, रेतीघाटांचा लिलाव होतो, आणि घरकुल बांधणाऱ्या गरिबाला पाच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य द्यावी असे शासनाला धोरणात स्वतंत्रपणे लिहावे लागते. जी गोष्ट एके काळी गावच्या कागदात हक्क म्हणून नोंदलेली होती, ती आता मेहेरबानी म्हणून परत येते. आणि मेहेरबानीला अर्ज, दाखला व हेलपाटे लागतात.

मातीच्या त्या घराविषयी मी हळवा झालो आहे असे वाचकाने समजू नये. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, मुसळधार पावसात दरवर्षी कवेलू फेरावे लागतात, भिंतीचा पाया भिजतो, सापविंचवाचे भय असते, आणि सपरीत सारवण करून जिची उभी हयात गेली त्या बाईला फरशीचे स्वप्न पडत असेल तर तिला मातीचे सौंदर्य समजावून सांगणे हा उर्मटपणा होईल. पण पक्के घर कशाला म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार ज्या दिवशी राहणाऱ्याकडून गणना करणाऱ्याकडे गेला, त्या दिवशी काहीतरी विलक्षण घडले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत भिंत आणि छप्पर यांवरून घर कच्चे की पक्के ते ठरले. त्यात मातीची भिंत कच्ची, आणि छपराच्या बाबतीत यंत्राने केलेले कवेलू पक्के व हाताने घडविलेले कवेलू कच्चे असा भेद केला गेला. कुंभाराच्या हाताला कच्चेपणाचा हा शिक्का कोणत्या भौतिक परीक्षेवरून बसला ते कोणी सांगितले नाही. त्या गणनेच्या आधारावर २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण घरकुले उभी राहिली. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे, त्यात स्वयंपाकाची जागा असावी, केंद्राच्या योजनेतील साहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि गोंदियासारख्या एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये असावे, बांधकाम पुढे सरकेल तसतसे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेऊन हप्ता सोडावा, असे नियम ठरले.

हिशेब केला तर हे साहाय्य चौरस फुटाला ५०० रुपयांच्या आत येते. रोजगार हमीतली मजुरी आणि शौचालयाचे वेगळे १२ हजार यांची भर घातली तरी या पैशात स्लॅबचे घर पुरे होत नाही, हे लाभार्थ्याला, ग्रामसेवकाला आणि हप्ता मंजूर करणाऱ्या अभियंत्याला सारखेच ठाऊक असते. उरलेली रक्कम बचत गटाकडून, सावकाराकडून किंवा धानाच्या पुढच्या हंगामावर भरवसा ठेवून उभी करावी लागते. आणि ती उभी राहिली नाही तर स्लॅबच्या जागी टिनाचे पत्रे येतात, जे विदर्भाच्या मे महिन्यात दुपारी माणसाला घराबाहेर काढतात. म्हणूनच अनेक गावांत असे दिसते की, नव्या घरकुलात धानाची पोती आणि खताच्या थैल्या विसावल्या आहेत, आणि माणसे शेजारच्या जुन्या मातीच्या घरात झोपली आहेत. यात लाभार्थ्याची लबाडी पाहणारे अधिकारी मला भेटले आहेत. मला त्यात एका नियमाचा पराभव दिसतो. वास्तविक याच योजनेखाली निरनिराळ्या प्रदेशांतील स्थानिक साहित्याचा व हवामानाचा विचार करून घरांचे नमुने तयार करण्यात आले, त्यांचा संग्रहही प्रसिद्ध झाला. पण खेड्यातल्या गवंड्यापर्यंत आणि हप्त्याच्या तक्त्यापर्यंत तो संग्रह पोचला असे म्हणवत नाही.

आपल्या धर्मशास्त्रात मुख्यकल्प आणि अनुकल्प असा एक भेद आहे. मुख्य विधी ज्याच्या शक्तीत नाही त्याला शास्त्र गौण पर्याय देते. मात्र ज्याला मुख्य विधी शक्य असूनही जो सोय म्हणून अनुकल्पाचा आश्रय करतो, त्याला फळ मिळत नाही असे मनूने बजावले आहे. शक्तीबाहेरचे कर्तव्य लादू नये, आणि शक्तीतले कर्तव्य चुकवू देऊ नये, असा हा दुहेरी न्याय आहे. आमच्या इमारतविषयक नियमांनी नेमकी याची उलटापालट केली, असे माझे म्हणणे आहे. ज्याच्या हाती दीड गुंठा जमीन आणि महिन्याची मजुरी आहे त्याच्यापुढे आम्ही मुख्यकल्प ठेवतो, आणि ज्याच्या हाती बाजारपेठेतली चार मजली इमारत आहे त्याला अनुकल्पाचे दर सांगतो.

पहिल्याची गोष्ट साधी आहे. गोंदियाच्या भातगिरणीत हमाली करणारा माणूस शहराच्या कडेला जागा पाहतो. अकृषिक झालेला, मंजूर रेखांकनातला भूखंड त्याच्या आवाक्यात नसतो. शेतजमिनीचा तुकडा असतो. तो तुकडा घेतो, खरेदीखताची नीट नोंद होत नाही, सातबाऱ्यावर फेरफार होत नाही, म्हणून नकाशा पास होत नाही, नकाशा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून व्याजाचा दर दुप्पट-तिप्पट होतो, आणि मग लोखंड बारीक पडते व सिमेंट कमी पडते. नियम न पाळल्यामुळे घर कमकुवत झाले असे आपण म्हणतो. पण नियमाच्या आत शिरण्याची किंमत त्याला झेपली नाही म्हणून ते कमकुवत झाले, असेही तितक्याच सत्याने म्हणता येईल. शहराच्या जुन्या भागात नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांची कथा थोड्या फरकाने तीच: आखीव पत्रिका आहे, पण पट्ट्याचे नूतनीकरण रखडलेले, घर मोडकळीस आलेले, पण ते पाडून बांधावे तर आधी कागद सरळ करावे लागतात. शिवाय गरिबाचे घर कधीच एकदम पुरे होत नाही. एक खोली आज, दुसरी मुलीच्या लग्नानंतर, वरचा मजला मुलगा कमावता झाल्यावर, अशा क्रमाने ते वाढते. आणि कायद्याचा नकाशा मात्र घर एकाच मुहूर्तावर जन्माला येऊन एकाच दिवशी भोगवट्याचा दाखला घेईल असे धरून चालतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर माहिती व शुल्काची पावती हीच परवानगी मानण्याची मुभा दिली, ही खरोखर अनुकल्पाची सुरुवात होती आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण ती मुभा ज्याचा भूखंडच कागदावर शुद्ध आहे त्याच्यासाठी आहे. हमालाचा तुकडा तिच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

आता दुसऱ्याची गोष्ट. २१ डिसेंबर २०१६ रोजी गोंदिया शहरातील एका हॉटेलाला आग लागून सात माणसे दगावली. त्या घटनेच्या कारणांत व दोषारोपांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, परगावी मुक्कामास उतरणारा माणूस त्या इमारतीचा जिना किती रुंद आहे, दुसरा जिना आहे की नाही, वायरी कोठून गेल्या आहेत, यांपैकी काहीही पाहू शकत नाही. त्याने केवळ विश्वासाने अंग टाकलेले असते. मनुष्यऋण म्हणतात ते हेच. घरमालक स्वतःच्या जिवाचा सौदा करू शकेल, पण जो पाहुणा नकाशा काढताना उपस्थित नव्हता त्याच्या जिवाचा सौदा करण्याचा अधिकार त्याला नाही. महाभारतातल्या वारणावताच्या लाक्षागृहाचा प्रसंग आपण पांडवांच्या सुटकेसाठी सांगतो. विदुराने सावध केले, खणणारा पाठविला, भुयार तयार झाले. परंतु त्या रात्री जेवून तेथेच निजलेली निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र यांना विदुराचा निरोप गेलेला नव्हता. ज्यांना घराची रचना ठाऊक होती ते वाचले, ज्यांना ठाऊक नव्हती ते जळाले, आणि त्यांच्या सहा मृतदेहांचा उपयोग पांडव मेले हे पटविण्यासाठी झाला. महाकाव्याने त्यांची नावेही ठेवलेली नाहीत. अग्निशमनाचा प्रत्येक नियम अशा नाव नसलेल्यांच्या वतीने लिहिलेला असतो, असे मानले म्हणजे त्याची धर्म्यता आपोआप स्पष्ट होते. हम्मुराबीच्या संहितेने घर कोसळून मालक मेल्यास बांधणाऱ्याला देहदंड सांगितला. यहुद्यांच्या शास्त्राने नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावयास सांगितले, कारण कोणी पडल्यास त्याचे रक्त त्या घरावर येईल. इतक्या दूरच्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या समाजांनी या एकाच बाबतीत एकवाक्यता दाखवावी, हे काही उगीच नाही.

मीमांसकांनी विधींचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन भाग केले, आणि जेथे दिसणारे प्रयोजन सापडते तेथे न दिसणारे कल्पू नये असा दंडक घातला. हीच कसोटी इमारतींच्या नियमांना लावून पाहावी. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याची खोली एकच असल्यास ती ९.५ चौरस मीटरहून लहान असू नये व तिची उंची २.७५ मीटर असावी असे म्हटले, त्याचे प्रयोजन श्वास घेणाऱ्या कोणालाही दिसते. जिन्याची रुंदी, पायाची खोली, सांडपाण्याचा उतार, संडासाचा खड्डा आणि विहीर यांतले अंतर, हे सगळे दृष्टार्थ. पण त्याच जागेसाठी महसुलाकडून एक, नगररचनेकडून दुसरा आणि नगर परिषदेकडून तिसरा दाखला का घ्यावा, एकाच नकाशाची प्रत पाच टेबलांवरून का फिरावी, आणि ती फिरत असताना सिमेंट-लोखंडाचा वाढलेला भाव व भाड्याच्या घराचे महिने कोणी सोसावेत, याला दृष्ट प्रयोजन सापडत नाही. अदृष्ट प्रयोजन मात्र सर्वांच्या माहितीचे आहे. घराची किंमत वाढते ती बहुशः या दुसऱ्या वर्गाने. घराची प्रत सुधारते ती पहिल्याने. बांधकाम-व्यावसायिक जेव्हा नियमांच्या ओझ्याविषयी तक्रार करतात तेव्हा दोन्ही वर्ग एकाच श्वासात उच्चारतात, आणि शासन जेव्हा उदार होते तेव्हा बहुधा पहिल्या वर्गात सूट देते, कारण दुसऱ्या वर्गातून उत्पन्न येते.

याचा कळस नियमितीकरणात दिसतो. २००१ चा गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींचा, कायदा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या विकासासाठी होता. २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. नगररचना अधिनियमात २०१७ साली अनधिकृत इमारतींच्या प्रशमनाचे, म्हणजे शुल्क घेऊन त्या नियमित करण्याचे, कलम आले. हमालाचा तुकडा अशा कायद्याने शुद्ध होत असेल तर त्याचे मी स्वागतच करीन, कारण त्याचा अपराध अगतिकतेचा होता. परंतु सरसकट सगळ्यांना एकाच शुल्काच्या तक्त्यावर बसविणे हे प्रायश्चित्ताच्या तत्त्वालाही सोडून आहे. याज्ञवल्क्याने अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते असे म्हटले. जाणूनबुजून पाप करणारा मात्र प्रायश्चित्ताने केवळ व्यवहाराला योग्य होतो, आणि कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत हा भेद विस्ताराने मांडला. लोक त्याच्या पंक्तीला बसतील. पाप राहिले ते राहिलेच. नियमित झालेल्या इमारतीची स्थिती तंतोतंत अशी असते. ती विकता येते, गहाण टाकता येते, वारसाच्या नावे चढविता येते. अरुंद जिना अरुंदच राहतो. संरचनेच्या सुरक्षिततेची अट कागदावर लिहिलेली असते हे खरे, पण तिची पूर्ती करणारा दाखला आणि शुल्काची पावती यांत आपल्याकडे कोण कोणाच्या मागे धावते, हे वाचकांना सांगावयास नको.

आणि हा सर्व दोष खाजगी मालकांच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे गोंदियाचे मातृस्थान जे भंडारा, तेथील शासकीय जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली आणि दहा अर्भके गेली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम सुटले. ज्यांच्या आयुष्याला अजून नावेही लागली नव्हती अशा जिवांना जागा देण्याचे कर्तव्य प्रत्यक्ष राजसत्तेने पत्करले होते. आणि जी सत्ता इतरांच्या नकाशावर तांबड्या शाईने खुणा करते तिची स्वतःची इमारत कोणाच्या टेबलावर तपासणीला जाते, या प्रश्नाचे उत्तर हुकुमांत नसते.

तेव्हा माझे म्हणणे असे की, जिल्ह्यातील नगर परिषदांनी, नगर पंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने लहान घराच्या बाबतीत उदार व्हावे: मातीच्या भिंतीला आणि हातच्या कवेलूंना, ती नीट बांधलेली असल्यास, पक्केपणाचा मान द्यावा, टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या घराला टप्प्याटप्प्याने दाखला द्यावा, नझूल आणि गुंठेवारीच्या कज्ज्यांना मुदत घालून ते निकालात काढावेत. आणि जेथे परका माणूस झोपतो, शिकतो किंवा उपचार घेतो त्या इमारतींच्या बाबतीत, म्हणजे लॉज, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालये, वसतिगृहे व दवाखाने यांच्या बाबतीत, कोणत्याही शुल्काच्या बदल्यात एका पायरीचीही सूट देऊ नये. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे अशा इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आपली अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचा, परवानाधारक अभिकरणाने दिलेला ‘ब’ प्रपत्रातील दाखला दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचा असतो. वाचकांनी आपल्या मुलाच्या शिकवणी वर्गात किंवा लग्नाचे कार्यालय ठरविताना या महिन्यांनंतर तो दाखला पाहावयास मागावा, आणि मिळाला नाही तर नगर परिषदेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.